पोटात का पाठीवर?

शालनवैनीच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकतात. लाल, पिवळी, अस्वलाचे कान असलेली. परवा तिथल्या पोरीला विचारलं, "हितं लॅपटॉप दुरुस्त करणारी बाई होती, ती कुठं गेली?" ती म्हणाली, "आजोबा, मी नवीन हाय." मग शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं, की मालकानं जागा मागितली, वैनीनं सामान बांधलं आणि चंदगडला भावाकडं निघून गेली. चंदगडला. जिथं पावसाळ्यात भिंतीला बुरशी येते, तिथं ही बाई लॅपटॉप उघडून बसणार. म्हणजे बसणार नाहीच. उभी राहणार.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. सगळा जन्म मिरची कांडायचा डंक चालवला. लिहायची सवय नाही. पण बायको, आमची वच्छी, गेल्यापासून घरात बसवत नाही आणि बाहेर गेलो की घरी यावंसं वाटतं. हाताला काहीतरी लागतं. वच्छीवर लिहायला घेतलं तर दोन ओळींच्या पुढं जात नाही. वैनीवर जमेल असं वाटतं, म्हणून हे.

वैनीचा नवरा बबन मोटारीचं वाइंडिंग करायचा. माझ्या डंकाची मोटर जळली की तोच भरून द्यायचा. तो गेला तेव्हा वैनीनं थोडे दिवस तेच काम केलं, तांब्याच्या तारा गुंडाळल्या. मग एक दिवस म्हणाली, "मामा, तांब्याला भांडवल लागतंय. लॅपटॉपला नुसता स्क्रू ड्रायव्हर." कुठं शिकली, कुणाकडं शिकली, कोण जाणे. विचारलं तर म्हणायची, "बिघडवून शिकलो." आमच्याकडच्या बायका जातो-येतो असंच बोलतात, वैनी तर जास्तच.

बुटकी बाई. साडीवर बबनचा खाकी शर्ट, शेतात जाणाऱ्या बायका घालतात तसा. खिशात स्क्रू ड्रायव्हर आणि गुळाचा खडा. दुकानात खुर्ची नव्हती. तिला नव्हती आणि गिऱ्हाइकाला तर नव्हतीच. "बसायला दिलं की माणूस घरची दुखणी सांगतंय," म्हणायची. एका लॅपटॉपचं झाकण उघडायची, तेवढ्यात दुसऱ्याकडं वळायची, मध्येच रस्त्यापलीकडच्या भाजीवालीला कोथिंबिरीचा भाव विचारायची. तिच्याकडं नुसतं बघून माणूस दमायचा. प्रत्येक लॅपटॉपचे स्क्रू एकेका पणतीत. दिवाळी झाली की गल्लीतल्या बायका वापरलेल्या पणत्या तिला आणून द्यायच्या. तिनं दुरुस्त केलेल्या लॅपटॉपला जरासा तेलाचा वास यायचा.

चुकायची नाही असं नाही. चांगली चुकायची. एकदा दोन गिऱ्हाइकांची चार्जरं अदलाबदल करून दिली आणि ती दोघं परत आल्यावर दोघांवरच ओरडली, "तुमची वस्तू तुमास्नी वळकता येत न्हाय, मग मी काय करू?"

जुना लॅपटॉप घेऊन कुणी आलं, जागा भरली म्हणालं, हळू चालतोय म्हणालं, की तिचा पहिला सवाल ठरलेला. "पोटात घालायचं का पाठीवर घ्यायचं?" पोटात म्हणजे आतली जुनी डिस्क काढून तिथं नवी, एसएसडी म्हणतात ती, बसवायची. पाठीवर म्हणजे बाहेरून वायरीनं जोडायची ती डबी, जिला एक्स्टर्नल म्हणतात, ती बरोबर घेऊन हिंडायची. माणूस गोंधळला की उत्तर तीच द्यायची. "पोटातच घाला. पाठीवरच्यानं जागा वाढती, चाल वाढत न्हाय. बैल म्हातारा झालाय, त्याच्यामागं आणि एक गाडी बांधली तर त्यो पळणार हाय काय? आणि पाठीवरलं माणूस इसरतंय. चार्जरच्या पिशवीत राहतंय, मेव्हण्याकडं राहतंय. पोटातलं कुठं जात न्हाय."

आमच्या वच्छीचं आणि तिचं जमायचं नाही आणि एकमेकींशिवाय चालायचंही नाही. वैनीला मिरची सगळ्यांत आधी कांडून हवी असायची. डंकाचं उखळ कितीही झाडलं तरी आधीच्या बाईची थोडी मिरची पुढच्या बाईच्या चटणीत जातेच. वैनी म्हणायची, "मला दुसऱ्याच्या घरचं तिखट नको." वच्छी म्हणायची, "मग पहाटं ये, कोंबड्याच्या आदी." आणि ही खरंच यायची.

महापूर आला त्या साली पाणी आमच्या बोळात शिरलं तेव्हाचं सांगतो. लोक गाद्या, टीव्ही, तांदळाची पोती माळ्यावर चढवत होते. वैनी आमच्या दारात येऊन उभी राहिली, एक मोठा कुकर काखेत. "मामी, तुमचा कुकर द्या. रबर चांगलं हाय न्हवं त्याचं?" वच्छीला वाटलं हिला भाताला हवाय. बघते तर हिच्या कुकरात डाळ-तांदूळ नव्हते, गिऱ्हाइकांच्या डिस्का होत्या, दुरुस्तीला आलेल्या, ठेवायला दिलेल्या, एकेक धडुत्यात गुंडाळून. आमचाही कुकर भरला. शिट्टीच्या भोकात वच्छीनं कणीक मळून दाबून बसवली. मग एक कुकर डोक्यावर, एक काखेत, कमरेएवढ्या पाण्यातून ही बाई चालत गेली. ज्या मंगल कार्यालयात सगळ्यांना ठेवलं होतं तिथं बायकांनी कुकर बघितले आणि त्या खूश झाल्या. वैनी दोन्ही कुकर पायांत धरून उभी. "हात लावू नका. ह्यात डाळ न्हाय. ह्यात लोकांची लग्नं हाईत."

पाणी उतरल्यावर सगळ्यांना आपापलं परत दिलं. एकही भिजलं नव्हतं. वच्छीनं विचारलं, "आणि तुझं काय वाचलं गं?" वैनी म्हणाली, "दोन कुकर. त्यातला एक तुमचा."

तिचा घरचा कॉम्प्युटर खालच्या खोलीत होता. बबनचे फोटो, दोघांच्या लग्नाची शूटिंग, सगळं त्यात. चिखलानं भरला. वच्छी हळहळली तर म्हणाली, "बबन मला तोंडपाठ हाय." पुढं काही महिन्यांनी मिरची घेऊन आली, डंक चालू होता, त्या आवाजात तिनं वच्छीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. वच्छीनं मला संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली होती, "मामी, तोंड आठवतंय. त्याचा आवाज आठवंना झालाय."

पोटातलं कुठं जात नाही, हे तिचं म्हणणं जयसिंगपूरच्या एका फोटोवाल्यानं खोटं पाडलं. लग्नाची शूटिंग करायचा तो. त्याच्याकडं बाहेरच्या डब्या होत्या ढीगभर. वैनीनं त्याला मोठी एसएसडी आत घालायला लावली आणि सगळं एका जागी आणून दिलं. महिन्या-दोन महिन्यांनी तो दुकानात आला. एसटीत वरच्या फळीवर ठेवलेला लॅपटॉप कुणीतरी उचलला होता. मी तिथंच होतो, डंकाच्या बेल्टसाठी पकड मागायला गेलतो.

तो म्हणाला, "पोटातलं कुठं जात न्हाय म्हणालतासा न्हवं. अख्खं पोटच नेलं की वैनी."

वैनीनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि त्याच्या मोटारसायकलवर मागं बसली. पुढचे काही दिवस दोघं शिरोळकडच्या गावांतून फिरत होती. ज्यांची लग्नं त्यानं शूट केली होती त्यांच्या घरी जायचं, दिलेला पेनड्राइव्ह मागायचा, परत कॉपी करून घ्यायची. बरीच मिळाली. एका घरचं मात्र अजून दिलंच नव्हतं, ते पार गेलं. त्या घरी वैनी त्याला बाहेर उभं करून एकटी आत गेली आणि मुलीच्या बापाला म्हणाली, "ह्यो म्हणत होता दोन जागी ठेवू. मीच म्हणालो एका जागी ठेव. काय बोलायचं ते मला बोला." त्या माणसानं बोलून घेतलं. चांगलंच बोलून घेतलं म्हणतात. फोटोवाला हे सगळं चहाच्या गाड्यावर सांगायचा म्हणून आम्हाला कळलं. तिनं कधी सांगितलं नाही.

त्यानंतर तिचा सवाल तोच राहिला पण उत्तर बदललं. "पोटात बी आणि पाठीवर बी. आणि दोन्ही एका पिशवीतनं न्यायचं न्हाय."

आता माझं सांगतो.

आमच्या रेखानं पुण्याला नोकरी लागल्यावर तिचा जुना लॅपटॉप घरी ठेवला आणि आईला शिकवलं, हे दाबलं की कॅमेरा चालू, हे दाबलं की बंद. रेखाला चटणी, सांडगे, कुरडया, सगळं आईच्या हातच्यासारखं करायचं असायचं. मग वच्छी दर उन्हाळ्यात लॅपटॉप पाटावर ठेवून त्याच्यासमोर बोलत बसायची. मिरची भाजताना, खोबरं परतताना. सांगायची रेखाला आणि मधूनच रागवायची मला. वच्छी गेली आणि ते सगळं त्या लॅपटॉपात राहिलं. दुसरीकडं कुठं नव्हतं.

मी ते बघत नव्हतो. बघवत नव्हतं. मी फक्त रोज सकाळी लॅपटॉप चालू करायचो. त्याला चालू व्हायला इतका वेळ लागायचा की चहा होऊन जायचा. मग पडद्यावर तिचं नाव यायचं. रेखानं घालून दिलेलं, वत्सला. ते बघायचं आणि बंद करायचं. झालं.

मग तो फारच रखडायला लागला. आतून टक टक वाजायला लागलं. तापायचा. डंकाचं मशीन तापलं की आम्ही ब्लोअरनं झोत मारतो, तसा यालाही मारला. तरी होईना. रेखाला फोन केला, तर ती म्हणाली, "बाबा, एक्स्टर्नल ड्राइव्ह घ्या, आईचं सगळं त्यात काढून घ्या आणि तो डबा भंगारात द्या." ती आईला माझ्याइतकाच जीव लावणारी, पण मला राग आला. त्या डब्याच्या बटणांवर वच्छीच्या हळदीच्या बोटांचे डाग आहेत. फोन ठेवला आणि लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून वैनीकडं गेलो.

वैनीनं मागचं झाकण काढलं आणि शिंकली. परत शिंकली. चहावाला शिंकला. रस्त्यावरनं जाणारी दोन माणसं शिंकली.

"मामा, ह्यात चटणी करता काय?"

"ब्लोअर मारला."

"कुठला ब्लोअर?"

"डंकाचा."

तिनं पंख्यातून चिमटीनं लाल पूड काढली, कागदावर घेतली, वास घेतला. "ब्याडगी हाय. संकेश्वरी असती तर लॅपटॉप पेटला असता." मग डिस्कला कान लावला. टक टक ऐकलं आणि तिचा चेहरा बदलला. "मिरचीनं न्हाय हे. डिस्क बंद डबीत असती, तिला धूळ लागत न्हाय. ही म्हातारी झाली. ह्या असल्या आवाजावर तुमी रोज चालू करताय?"

"रोज सकाळी."

"मरायला टेकलेल्या माणसाला रोज उठवून बसवता व्हय?"

बोलून गेली आणि थांबली. वच्छीला शेवटी शेवटी आम्ही असंच रोज उठवून बसवायचो, पाठीला उशी लावून, जरा पेज घे म्हणून. वैनी तेव्हा रोज संध्याकाळी यायची, तिनं ते बघितलेलं. माफी वगैरे मागितली नाही. खिशातला गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला.

मी म्हणालो, "रेखा म्हणती पाठीवर घ्या आणि हे टाकून द्या. मला हे टाकायचं न्हाय. हे चालायला पायजे. आणि तिचं सगळं ह्यातच पायजे."

"रेखाचं बी बरोबर आणि तुमचं बी. आदी पाठीवर, मग पोटात. नवी डिस्क आत घातली की हे पळंल अजून काही वर्षं. पण त्याआदी ह्या म्हातारीनं जेवढं हाय तेवढं बाहेर टाकलं पायजे. मध्येच बसली तर बसली. मग मोठ्या शहरात पाठवावं लागतंय, तितं बी देव जाणे." बोट माझ्याकडं केलं. "समदं येईल असं मी सांगणार न्हाय. ऐकलं का?"

ऐकलं. काय करणार.

पुढचे दिवस मी दुकानापुढं येरझाऱ्या घालायचो. डिस्क काढून ओल्या फडक्याशेजारी स्टीलच्या ताटात ठेवलेली, वर टेबलफॅन. थोडी कॉपी व्हायची, टक टक वाढलं की वैनी बंद करायची. "निजू दे जरा तिला." मग तासाभरानं परत. इतर कामं तिनं दुसऱ्या टेबलावर ढकललेली. कोथिंबिरीचा भाव नाही, आरडाओरडा नाही. कान त्या ताटाकडं. मी रंकाळ्याला एक चक्कर मारून यायचो, काय झालं विचारायचो, परत जायचो. शेवटी म्हणाली, "मामा, तुमी एका जागी थांबा न्हायतर घरी जा. तुमच्याकडं बघून मला घेरी येती." ही बाई मला हे सांगते.

एकदा दुपारी मला थांबवून म्हणाली, "एक इचारायचं हाय. काही फायली येत्यात पण अर्ध्या येत्यात. बरोबर आल्या का न्हाय, ते उघडून बघितल्याबिगर कळत न्हाय. मी लोकांचं उघडून बघत न्हाय. तुमी बघा."

"माझ्यानं होत न्हाय."

"मग रेखाला बोलवा."

"तिच्यानं बी होणार न्हाय."

ती पुसलेले हात परत पुसत राहिली. "मग मला बघावं लागंल. मामी मला शिव्या देतील."

"देईल. बघ तू."

दोन-तीन दिवस मी गेलो नाही. जायची भीती वाटायची. मग तिचा फोन आला, नुसतं "या" म्हणाली आणि ठेवला.

गेलो तर लॅपटॉप झाकण बंद करून टेबलावर पुसून ठेवलेला. शेजारी काळी डबी, एक्स्टर्नल. तिच्याशेजारी जुनी डिस्क, धडुत्यात बांधलेली. वैनी उभीच, पण डोळे सुजलेले. रडून की जागरणानं, मी विचारलं नाही.

"ही डबी रेखाकडं धाडा पुण्याला. तुमच्या घरात ठेवायची न्हाय. जुनी डिस्क तुमची तुमी न्या, कुणाला देऊ नका. आणि हे पोटातलं तुमचं." मग सरळ माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "समदं आलं न्हाय. कुरडयाचं पार गेलं. लोणच्याचं निम्मं आलं, पुढं नुसताच पडदा काळा. चटणीचं हाय, पहिल्यापासनं शेवटपतोर. समदं मी बघितलं."

मी म्हणालो, "बरं."

"बरं काय. उघडा."

झाकण उघडलं, बटण दाबलं. मी सवयीनं चहाच्या गाड्याकडं वळायला लागलो तर मागं बघतोय तोवर पडद्यावर तिचं नाव आलेलं. वत्सला. मला जरा वेळ पाहिजे होता. रोज तेवढा वेळ मिळायचा. "इतक्या लवकर कशाला आणलीस गं," असं तोंडातनं निघून गेलं, कुणाला म्हणालो मलाच कळलं नाही.

वैनीनं चटणीची फाईल चालू केली आणि ती टेबलापासून लांब झाली.

वच्छी. नाकाला पदर बांधलेला. समोर परातीत लाल मिरची. डोळ्यांतनं पाणी वाहतंय आणि तोंड चालूच. "रेखा, हे बघ, मिरची अशी हातात घेतली की मोडली पायजे, वाकता कामा न्हाय. वाकली तर अजून ऊन दे." मग एकदम मान वळवून, "अवं, त्यो पंखा बंद करा. माझा आवाज पोरीला ऐकू जात न्हाय."

आणि कुठनं तरी मागनं माझा आवाज आला, "करतो, करतो."

पंखा काही बंद होईना. ती परत ओरडली, "करतो म्हणतायसा आणि बसलायसा. उठा की."

मी टेबलाला धरून उभा होतो. दुकानात बसायला काही नव्हतं. मी म्हणालो, "उठलो गं," आणि पुढं आणखी काय काय म्हणालो ते लिहीत नाही.

दारात सावली हलली. वैनी फुटपाथवर जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभी होती. खाकी शर्टाची पाठ, दोन्ही हात शटरच्या चौकटीला लावलेले, मधनं उंदीर जायची वाट नाही. एक पँटशर्टातला माणूस लॅपटॉपची बॅग घेऊन आत बघत होता.

"बाई, जरा काम होतं."

"थांबा पावणं. आत नवराबायको बोलत्यात."

"किती वेळ लागंल?"

"त्यांचं कवा संपतंय मला काय म्हाईत," वैनी मागं न बघता म्हणाली. "तुमी उद्या या."